आमची वाटचाल : आधी केबल, मग कॅमेरा

सांगलीत स्टेशन रोडच्या आतल्या गल्लीत २००८ साली आम्ही गाळा भाड्याने घेतला, तेव्हा पाटीवर ‘टीव्ही व इन्व्हर्टर दुरुस्ती’ एवढेच लिहिलेले होते. सीसीटीव्ही कॅमेऱ्यांच्या धंद्यात आम्ही ठरवून आलो नाही. मार्केट यार्डातील एका हळदीच्या अडत दुकानातला डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचे चित्र साठवणारा डबा, बंद पडला, तो बसवणारा फोन उचलेना, आणि आम्ही त्या शेठजींचा टीव्ही दुरुस्त केला होता एवढ्या ओळखीवर त्यांनी आम्हाला बोलावले. डबा उघडून पाहिला, तर सारे ओळखीचेच निघाले. टीव्हीच्या मागच्या पिवळ्या सॉकेटमध्ये जो व्हिडिओ सिग्नल जातो, तोच या कॅमेऱ्यातून येत होता. ७५ ओहमची कोॲक्स, म्हणजे टीव्हीला असते तशी गोल केबल, तिच्या टोकाला बीएनसी नावाचा जोड आणि सोबत १२ व्होल्टचा पुरवठा. एका आवरणात तीन साध्या तारा आणि एक कोॲक्स असलेल्या या केबलला बाजारात ‘थ्री प्लस वन’ म्हणतात आणि ती ९० मीटरच्या बंडलात मिळते. पुढची सहा-सात वर्षे आमची चूल त्या बंडलांवर पेटली.

घरगुती कामे वाढली ती विश्रामबागेतल्या बंगल्यांमुळे. त्यांपैकी एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांच्या बंगल्यात आम्ही २०१० साली चार कॅमेरे बसवले होते. दोन वर्षांनी त्यांच्या फाटकातून स्कूटर चोरीला गेली. चोरी रेकॉर्ड झाली होती, त्यामुळे आम्ही जरा ऐटीतच तिथे गेलो. हवालदारसाहेब पडद्याजवळ वाकले, चष्मा वर सरकवला आणि म्हणाले, “हे माणूस आहे का पोतं आहे?” त्या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते, कारण चित्र मोठे केले की पोतेच दिसत होते.

त्या रात्री घरी बसून जो हिशेब मांडला, तो खरे तर काम घेण्यापूर्वी मांडायला हवा होता. कॅमेऱ्यापासून फाटक ६ मीटरवर होते आणि तिथे चित्राची रुंदी सुमारे ८ मीटर भरत होती. हार्ड डिस्क महिनाभर पुरावी म्हणून आम्हीच डीव्हीआर ३५२ × २८८ ठिपक्यांवर लावून ठेवला होता. म्हणजे एका मीटरला ४४ ठिपके, आणि १६ सेंटिमीटर रुंदीच्या चेहऱ्याला जेमतेम सात. सेटिंग वाढवून ७०४ ठिपके घेतले असते, तरी चेहऱ्याच्या वाट्याला चौदाच आले असते. अनोळखी माणसाची ओळख पटवायची असेल, तर मीटरला २५० ठिपके असावेत असे कॅमेऱ्यांविषयीचे आंतरराष्ट्रीय मानक सांगते. त्यांची स्कूटर मिळाली नाही. त्यांनी आम्हाला एका शब्दाने दोष दिला नाही, आणि ते अधिकच लागले.

एचडी-सीव्हीआय, टीव्हीआय आणि एएचडी ही तंत्रे बाजारात आली, तेव्हा आम्हाला हायसे वाटले. भिंतीतली जुनी कोॲक्स तशीच ठेवायची, कॅमेरा आणि डीव्हीआर तेवढा बदलायचा, की १२८० ठिपक्यांचे आणि पुढे १९२० ठिपक्यांचे चित्र मिळू लागले. हे तंत्र ॲनालॉगच आहे म्हणून त्याला नाके मुरडणारे व्यावसायिक आहेत, मी त्यांच्यात नाही. ज्या घरात कन्सील्ड पाइपमधली केबल अखंड आहे आणि मालकांना नुकताच रंग दिलेल्या भिंती खराब करायच्या नाहीत, तिथे आजही मी हाच पर्याय आधी सुचवतो. अडचण सांध्यांची असते. गच्चीवर टेपपट्टी गुंडाळलेला एक सांधा दोन पावसाळ्यांत हिरवा पडतो, आणि मग कितीही महागडा कॅमेरा लावला तरी पडद्यावर आडव्या रेघा धावत राहतात.

संगणकांच्या नेटवर्कसारखे जोडले जाणाऱ्या नेटवर्क कॅमेऱ्यांचे पहिले काम आम्ही २०१६ साली मिरज रस्त्यावरच्या एका घरी घेतले. त्यात आमची जी फजिती झाली, तिच्यामुळेच पुढची कामे सुधारली. चारही नवे कॅमेरे एकदम स्विचला, म्हणजे सगळ्या केबली एकत्र येतात त्या डब्याला, जोडले आणि पडद्यावर एकच दिसू लागला. कारखान्यातून निघालेल्या एकाच जातीच्या कॅमेऱ्यांचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरची ओळख, अनेकदा एकच असतो, म्हणून ते एकेक करून जोडावेत आणि प्रत्येकाला वेगळा पत्ता द्यावा, हे बीएनसीत हयात गेलेल्या आम्हाला कोणी सांगितले नव्हते. संगणकांच्या नेटवर्कची कामे करणारा एक मुलगा दुसऱ्या दिवशी येऊन दहा मिनिटांत ते करून गेला. तो आज आमच्याकडेच आहे.

दुसरा धडा महाग पडला. या कॅमेऱ्यांना चित्र आणि वीज एकाच केबलमधून मिळते. पीओई नावाच्या या पद्धतीच्या मूळ मानकाप्रमाणे स्विच एका पोर्टमधून १५.४ वॅटपर्यंत वीज देतो आणि स्विचपासून कॅमेऱ्यापर्यंत १०० मीटरची मर्यादा असते. अंगणाच्या टोकाचा कॅमेरा ७० मीटरवर होता, तेव्हा आम्ही निश्चिंत होतो. तो दिवसभर उत्तम चाले आणि अंधार पडला की दर दोन-तीन मिनिटांनी बंद होऊन पुन्हा सुरू होई. कॅमेरा बदलला, स्विच बदलला, घरच्या आजींनी तर जागेची बाधा असल्याचे सांगून नारळ फोडायला लावला. शेवटी केबलचे टोक चाकूने खरवडले, तेव्हा तांबूस मुलाम्याखाली पांढरी तार निघाली. ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनिअमची तार होती, आणि ॲल्युमिनिअमचा विद्युत रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त असतो. रात्री इन्फ्रारेड दिवे लागले, की कॅमेरा अधिक वीज ओढी, वाटेत व्होल्टेज उतरे आणि तो बंद पडे. बंडलामागे वाचवलेले पैसे सारी केबल स्वखर्चाने बदलण्यात गेले. तेव्हापासून नवे बंडल आले की आधी चाकू, मग बिल.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. मारुती चौक, टिळक चौक, गावभाग, शामरावनगर या भागांत तळमजले पाण्यात होते आणि आम्ही बसवलेले डीव्हीआर बहुतेक तळमजल्यावरच, टीव्हीखालच्या कपाटात होते. पाणी ओसरल्यावर गाळाने भरलेले डबे आमच्या दारात रांगेने मांडले गेले. त्यांतले फारच थोडे जगले.

घरोघरी यंत्रणा नव्याने बसवायची वेळ आली, तेव्हा नेटवर्क पद्धतीचा खरा उपयोग आम्हाला उमगला. कोॲक्समध्ये प्रत्येक कॅमेऱ्याची स्वतंत्र केबल डीव्हीआरपर्यंत यावी लागते, त्यामुळे आठ कॅमेऱ्यांचा डीव्हीआर वरच्या मजल्यावर हलवायचा म्हणजे आठही केबली वाढवायच्या आणि आठ नवे सांधे करायचे. नेटवर्कमध्ये तळमजल्यावरच्या पीओई स्विचपासून माळ्यावरच्या एनव्हीआरपर्यंत (नेटवर्क कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डरपर्यंत) एकच केबल न्यावी लागते. पाणी आले तर स्विच जाईल, तळातले एक-दोन कॅमेरे जातील, पण रेकॉर्डिंग वाचेल. गावभागातील कामांत आम्ही एनव्हीआर माळ्याखाली ठेवतच नाही. २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आले, तेव्हा त्या घरांतून आम्हाला स्विचसाठी फोन आले, एनव्हीआरसाठी नाही.

पासवर्डच्या बाबतीत मात्र आम्ही उशिरा शहाणे झालो. अनेक वर्षे आमच्या सगळ्या ग्राहकांच्या घरी एकच पासवर्ड होता, कारण दुरुस्तीला गेल्यावर तो आम्हाला आठवत असे. २०१६ साली मिराय नावाच्या व्हायरसने कारखान्याचेच पासवर्ड ठेवलेले कॅमेरे आणि डीव्हीआर जगभरातून ताब्यात घेऊन त्यांच्याकरवी मोठमोठी संकेतस्थळे बंद पाडली, ती बातमी वाचूनही आमचे डोळे उघडले नव्हते. पुढे एका ग्राहकाच्या मुलाने परगावाहून गंमत म्हणून तो पासवर्ड त्याच्या मित्राच्या घरी वापरून पाहिला आणि मित्राचा दिवाणखाना त्याच्या मोबाइलवर उघडला. आम्ही पंधरा दिवस घरोघर फिरून पासवर्ड बदलले. आता प्रत्येक घराचा पासवर्ड मालक स्वतः घालतात आणि तेव्हा आम्ही मागे वळून उभे राहतो. मालक तो विसरतात, मग यंत्र मूळ स्थितीत आणण्यासाठी आमची फेरी होते, आणि त्या फेरीचे पैसे आम्ही घेतो.

एप्रिल २०२५ पासून केंद्र सरकारच्या सुरक्षाविषयक निकषांची तपासणी झालेलेच कॅमेरे विकता येतात. काही स्वस्त मॉडेल येईनाशी झाली, भाव चढले, आणि ग्राहक त्याचा जाब आम्हाला विचारतात. तरीही हा नियम मला पटतो.

गेल्या फेब्रुवारीत त्याच निवृत्त अधिकाऱ्यांनी बोलावले. आता फाटकाकडे २५६० ठिपक्यांचा कॅमेरा आहे, म्हणजे मीटरला ३२० ठिपके. चित्र कमी जागेत साठवण्याच्या एच.२६५ पद्धतीत प्रत्येक कॅमेऱ्याला सेकंदाला २ मेगाबिट धरले, तर चार कॅमेऱ्यांना दिवसाला सुमारे ८६ जीबी लागतात आणि २ टीबीची डिस्क तेवीस दिवस पुरते. हा हिशेब यावेळी काम घेण्यापूर्वी कागदावर लिहून त्यांच्या हाती दिला. “महिना नाही पुरत?” एवढेच त्यांनी विचारले, आणि मग तेवीस दिवस पुरे म्हणाले. केबल ओढताना भिंत फोडली नाही. जुन्या कोॲक्सच्या टोकाला नवी कॅट-सिक्स (नेटवर्कची केबल) पक्की बांधायची, सांध्यावर साबणाचे पाणी लावायचे आणि दुसऱ्या टोकाने जुनी हळूहळू बाहेर ओढायची, म्हणजे जुनीच्या मागे नवी आपोआप पाइपात येते. तीन कॅमेऱ्यांची केबल अशी आली. चौथी जिन्याच्या वळणावर अडली आणि दोघांनी ओढूनही हलेना. तिच्या दोन्ही टोकांचे बीएनसी कापून नवे बसवले, चित्र स्वच्छ आले, म्हणून दोन्ही प्रकारचे कॅमेरे घेणारा रेकॉर्डर बसवला. मागच्या दाराचा कॅमेरा २०१० सालच्या त्या कोॲक्सवरच चालू आहे.