आतेभावाचा पत्ता आणि सामायिक सातबारा: माझा अनुभव

ज्यांचं असंच काही अडकलंय त्यांना आधीच सांगते, नात्यातल्या माणसाला पहिल्याच पत्रात किंवा पहिल्याच फोनवर सही मागू नका. बाकीचं खाली येईलच, पण आमचं सगळं रामायण त्या एका सहीपायी झालं.

जमीन गुहागर तालुक्यात. आजोबांनी स्वतः विकत घेतलेली. खाली थोडं आगर (नारळ-पोफळीची बाग), वर कातळाच्या कडेला आंबा-काजू, आणि एक घर ज्याची मागची पडवी पावसात बसली. आजोबा १९७८ ला गेले, नंतर आजी, आणि सातबाऱ्यावर राहिले तिघं, काका, बाबा आणि आत्या. बाबा गेल्यावर आमची वारस नोंद सरळ झाली, ई-हक्क या सरकारी वेबसाइटवर अर्ज, मृत्यू दाखला जोडला, फेरफार (उताऱ्यावरच्या नावबदलाची नोंद) मंजूर, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. अडलं त्याच्या पुढे. काका ऐंशीच्या पुढे गेलेत, त्यांचं म्हणणं माझ्या डोळ्यादेखत वाटप होऊन जाऊदे, नंतर पोरांची भांडणं नकोत. ठीक आहे, मलाही तेच हवं होतं. पण आत्या जाऊन कितीतरी वर्षं झाली तरी तिचं नाव उताऱ्यावर तसंच, तिची मुलगी म्हणजे आमची ताई अमेरिकेत, आणि मुलगा म्हणजे आमचा दादा बडोद्याला होता इतकंच सगळ्यांना माहीत. होता. आता कुठे आहे ते कोणालाच माहीत नाही.

तहसीलला गेले. मी कलम ८५ वाचून गेले होते, महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ मधलं, त्यात कुठल्याही एका सहधारकाला वाटपासाठी अर्ज करता येतो, बाकीच्यांना बोलावून त्यांचं ऐकून घ्यायचं, मालकीचा वाद निघाला तर मात्र ते आधी दिवाणी कोर्टात. खिडकीवरचे साहेब म्हणाले सगळ्यांच्या सह्या आणा. मी कलम दाखवलं. त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि अगदी गोड आवाजात म्हणाले, "बरोबर आहे ना मॅडम तुमचं, पत्ता द्या, नोटीस काढतो. पण मयताच्या नावाने नोटीस काढू का? आधी त्यांचे वारस लावून आणा." मग तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं). तिथे म्हणे मृत्यू दाखला आणा, सगळ्या वारसांची नावं, वय, पत्ते, आधार, प्रतिज्ञापत्र. हे सगळं कोणाकडे? दादाकडे. "मग त्यांनाच घेऊन या ना!" आणि पुढच्या माणसाचा कागद हातात घेतला पण. म्हणजे दादा मिळाल्याशिवाय वारस नोंद नाही, वारस नोंदीशिवाय वाटपाची नोटीस नाही, आणि दादाला सरकारी नोटीस गेली असती तर निदान त्याला कळलं तरी असतं. या गोल गोल फिरवण्याचा मला आजही राग येतो, कारण कोणीच खोटं बोलत नव्हतं, प्रत्येकाचं आपापल्या जागी बरोबरच होतं, फक्त काम कोणाचंच नव्हतं.

आता दादा गायब का झाला ते. आत्याचे दिवस व्हायच्या आत आमच्याच घरातून बडोद्याला एक तयार हक्कसोडपत्र गेलं होतं, खाली पेन्सिलने फुल्या करून, इथे सही इथे सही. त्याने सही केली नाही तर वर्षभराने वकिलाची नोटीस. माणसाची आई गेलीये आणि मामाकडून स्टॅम्पपेपर येतोय, कोण फोन उचलेल? त्यात काकांचं तेव्हा ठाम मत की लग्न होऊन गेलेल्या मुलीला कसला हिस्सा, ते २००५ नंतरच्यांना. अहो ते २००५ च्या कायदा-दुरुस्तीचं, वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतल्या जन्मतः हक्काचं. आमच्या आजोबांची स्वतःची जमीन, मृत्युपत्र नाही, म्हणजे १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानेच मुलगी मुलाच्या बरोबरीने वारस. तिसरा हिस्सा आत्याचा, विषय संपला. हे काकांना मी सांगितल्यावर दोन महिने ते माझ्याशी फक्त कामापुरतं बोलत होते.

सल्ले मात्र भरपूर मिळाले. एक ओळखीचे म्हणाले सात वर्षं पत्ता नाही ना, मग मयत दाखवून टाक. अरे पण ते असं आपल्या मनाने दाखवायचं नसतं, त्याला कोर्टात जावं लागतं, आणि ज्यांना एरवी बातमी असायला हवी त्यांनाही सात वर्षं त्याची काही खबर नाही असं असावं लागतं. हा माणूस हरवलेला नाहीये, तो फक्त आपल्याशी बोलत नाहीये, दोन्हीत फरक आहे. दुसरा सल्ला पेपरात जाहीर नोटीस. रत्नागिरीच्या पेपरात छापलेली नोटीस बडोद्यात कोण वाचणार होतं? कायद्याचं समाधान होत असेल, माझं काम नव्हतं होणार. तिसरा सल्ला "त्याला वगळूनच करून टाका, कोण बघतंय", यावर मी उत्तर पण दिलं नाही.

मग मी शोधायला बसले. जुना लँडलाइन कधीच बंद. दांडिया बाजारातला जुना पत्ता बाबांच्या डायरीत होता, त्यावर पत्र टाकलं ते "लेफ्ट" शेरा मारून परत. हा शेरा नीट बघून ठेवा, परत आलेलं पाकीट फोडू नका, फेकू तर नकाच. "रिफ्युज्ड" आलं तर माणूस तिथेच आहे आणि घेत नाहीये, पुढे कोर्टात ते पत्र घेतल्यासारखंच धरतात. "लेफ्ट" म्हणजे तो तिथे राहतच नाही, मग तुमची नोटीस बजावली गेली असं म्हणताच येत नाही. आणि पोचपावतीसकटच पाठवा. पूर्वी यासाठी रजिस्टर एडी करायचो, आता रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्येच घेतलंय, तर खिडकीवर पोचपावती हवी असं वेगळं सांगावं लागतं.

फेसबुकवर त्या नावाचे खूप, दादा एकही नाही. मतदार यादी ऑनलाइन शोधली, गुजरात निवडून, नाव, वडिलांचं नाव, वय टाकून. आपलं आडनाव गुजरातीत कोण कसं लिहील सांगता येत नाही म्हणून वेगवेगळी स्पेलिंगं टाकत बसले. एक नोंद जुळल्यासारखी वाटली पण तिथे मतदान केंद्र दिसतं, घरचा पत्ता नाही. एवढं कळलं की बहुतेक बडोद्यातच आहे. तेवढ्यानेही मला हुरूप आला.

मग सुचलं कुलवृत्तांत, म्हणजे घराण्याच्या वंशावळीचं पुस्तक. आपल्याकडे बऱ्याच घराण्यांचे छापलेले असतात, कपाटात पडून असतात, कोणी उघडत नाही. आमच्या घराण्याच्या वृत्तांतात आत्याचं माहेरचं नाव आणि सासरचं नाव एका ओळीत होतं (हे पुढे फार कामाला आलं), आणि तिच्या सासरच्या घराण्याचा वृत्तांत आईच्या मैत्रिणीकडून मिळवला, त्यात दादाचं पान होतं, शिक्षण, नोकरी, बायकोचं माहेर, सगळं. पत्ता परत दांडिया बाजारच! पण त्याच पानावर त्यांचं कुलदैवत लिहिलेलं, आणि ते देऊळ आमच्या गावापासून फार लांब नाही.

आता जे दूर राहतात ते देवाला येत नसले तरी वर्षाचा अभिषेक चुकवत नाहीत. पैसे पाठवतात आणि देवस्थान पावती, अंगारा-प्रसाद पोस्टाने पाठवतं. म्हणजे देवस्थानाकडे चालू पत्ता असणार! हे माझ्या डोक्यात आलं तेव्हा मी स्वतःवर इतकी खूष झाले की नवऱ्याला झोपेतून उठवून सांगितलं. तो म्हणाला सकाळी बोलू.

देवस्थानाच्या कार्यालयात गेले, नाव सांगितलं. तिथल्या काकांनी वहीत बघितलं, मान हलवली, म्हणजे होता. पण पत्ता देणार नाही म्हणाले, भक्तांचे पत्ते देत नाही आम्ही. पहिल्यांदा मी चिडले, इतकं जवळ येऊन! नंतर वाटलं बरोबरच आहे, उद्या कोणीही येऊन मागेल. मग मी विचारलं, पत्ता नका देऊ, पण पुढचा प्रसाद जाईल त्यात माझं एक पाकीट घालाल का? ते जरा वेळ गप्प राहिले, मग विचारलं, "भांडणाचं नाहीये ना काही?" म्हटलं पाकीट उघडंच देते, तुम्ही वाचा आणि मग चिकटवा. त्यांनी खरंच वाचलं. सगळं.

त्या पत्रात काय होतं ते सांगते कारण मला वाटतं काम त्यानेच झालं. हाताने लिहिलेलं. मी कोण, धाकट्या मामाची मुलगी, बाबा गेल्याचं तुला कदाचित कळलं नसेल. आगरातली विहीर अजून आटत नाही. मग एकच मुद्दा, आत्याचं नाव सातबाऱ्यावर अजून आहे, तिचा तिसरा हिस्सा आहे, तो तुझा आणि ताईचा आहे, तो कोणी काढलेला नाही. सोबत डिजिटल सहीचा सातबारा (१५ रुपयांत ऑनलाइन मिळतो, तोच घ्या, फुकटवाला फक्त बघण्यापुरता असतो, कार्यालयात चालत नाही) आणि खातेउतारा म्हणजे ८अ, आत्याच्या नावाखाली रेघ मारून. शेवटी ठळक लिहिलं की मला कशावरही सही नको आहे, तुला वाटलं तर फोन कर. काकांचा उल्लेख मुद्दाम नाही केला.

आणि मग वाट बघणं. याबद्दल कोणी बोलत नाही पण सगळ्यात वाईट भाग हाच. प्रसाद कधी गेला माहीत नाही, पोचला का माहीत नाही, त्याने वाचून फाडून टाकलं का तेही माहीत नाही. अनोळखी नंबर आला की मी धावत उचलायचे आणि पर्सनल लोनवाली बाई निघायची. काका रोज आईला फोन करून "काय झालं तिच्या देवळाचं?" मधल्या काळात भाऊ म्हणाला आता सरळ दावा टाकू, कोर्ट काढेल शोधून. कोर्ट शोधून काढत नाही हो, कोर्ट पण तुम्हालाच पत्ता विचारतं! नाहीच मिळाला तर पर्यायी बजावणी (प्रत्यक्ष हातात न देता दुसऱ्या मार्गाने नोटीस बजावणं) वगैरे आहे, पण तिथपर्यंत किती तारखा जातात ते ज्यांचे दावे चालू आहेत त्यांना विचारा.

शेवटी एका दुपारी ऑफिसात असताना व्हॉट्सॲपवर माझ्याच पत्राचा फोटो आला आणि खाली "हे तूच लिहिलंस का?" मी जिन्यात जाऊन फोन लावला. पहिलं वाक्य त्याचं, "मला वाटलं परत स्टॅम्पपेपर आला." मग मामाबद्दल विचारलं, विहिरीबद्दल विचारलं, जमिनीबद्दल त्या दिवशी मी चकार शब्द काढला नाही, त्यानेच शेवटी काढला. जुनी इमारत पाडली म्हणून वाघोडिया रोडला राहायला गेला होता, त्याच शहरात. नंबर बदलला होता तो मुद्दाम आम्हाला टाळायला नाही, कंपनीचा होता, रिटायर झाल्यावर गेला. आम्ही इकडे काय काय समजून बसलो होतो!

पुढचं भराभर झालं. मृत्यू दाखला त्याने पाठवला. त्यावर आत्याचं सासरचं नाव आणि सातबाऱ्यावर माहेरचं, हे बहुतेक घरात होतं, त्यासाठी दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असं प्रतिज्ञापत्र, जुनी लग्नपत्रिका आणि कुलवृत्तांताच्या पानाची झेरॉक्स जोडली, चाललं. वारस नोंदीला दादा आणि ताई दोघांची नावं घातली, एकाचंही लपवू नका, हरकत निघाली की सगळं तिथेच थांबतं. नोटिशीची १५ दिवसांची मुदत गेली, मंडळ अधिकाऱ्यांनी फेरफार मंजूर केला. मग कलम ८५ चा अर्ज, यावेळी पत्त्याच्या रकान्यात पत्ता होता, आणि तेच खिडकीवरचे साहेब म्हणाले, "बघा, मिळाला ना." जसं काही त्यांनीच शोधला.

ताईसाठी एक गोष्ट लक्षात ठेवा. तिने दादाच्या नावाने पॉवर ऑफ अटर्नी तिकडच्या भारतीय कॉन्सुलेटमधून साक्षांकित करून पाठवली, पण असा परदेशात केलेला कागद महाराष्ट्रात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्याची इथली स्टॅम्प ड्युटी भरून घ्यावी लागते. लोक कुरिअर आलं की कपाटात ठेवतात आणि मुदत घालवतात. पाकिटावरची तारीख जपून ठेवा.

अजून एक राहिलं, घर. घराचा उतारा ग्रामपंचायतीकडे असतो, नमुना ८, त्याचा आणि जमिनीच्या ८अ चा काही संबंध नाही. सातबाऱ्यावर वारस लागले म्हणून घरपट्टीच्या उताऱ्यावर आपोआप लागत नाहीत, तो अर्ज वेगळा. आमच्या घरपट्टीवर अजून आजोबाच आहेत, ते आता करतेय.

दादाने हिस्सा सोडला का, असं सगळे विचारतात. नाही सोडला. का सोडेल? विहिरीकडची बाजू मागितलीये त्याने, काका जरा फुरंगटलेत पण नकाशावर तिघांनी खुणा केल्या आहेत. मोजणीचे पैसे भूमी अभिलेखकडे भरले, तारीख आली की दादा स्वतः येणार आहे, काकांकडेच उतरणार म्हणतो. काकूने आत्तापासून विचारायला सुरुवात केलीये की बडोद्याच्या माणसाला आमटी गोड लागते की तिखट.