दाराजवळचा बाक

ठाण्यातल्या एका कॉलेजात मी समाजशास्त्र शिकवते. फाउंडेशन कोर्सचे तासही गळ्यात पडतात. २०२४च्या ऑगस्टमध्ये दुसऱ्या वर्षाला आपत्ती व्यवस्थापन चालू होतं. पुस्तकातल्या त्सुनामीला मुलं जांभया देतात, म्हणून जवळचं उदाहरण घेतलं, शिळफाट्याचं. ४ एप्रिल २०१३ची संध्याकाळ. काम अजून चालू असलेली बेकायदा इमारत, तरी कुटुंबं राहायला आलेली. ती कोसळली, ७४ माणसं गेली.

पडद्यावर ढिगाऱ्याचा फोटो आला आणि तिसऱ्या बाकावरची मुलगी बॅग तशीच टाकून बाहेर गेली. खोटं कशाला सांगू, मी वैतागले. वाटलं, फोन आला असेल. तास संपल्यावर ती जिन्यात बसलेली दिसली. "माझी मावशी राहायची तिथे," म्हणाली. 'राहायची'वरून पुढचं कळलं.

स्टाफरूममध्ये विषय निघालाच. "आता प्रत्येक धड्याआधी ट्रिगर वॉर्निंग द्यायची का?" एक सर म्हणाले. ट्रिगर वॉर्निंग म्हणजे पुढे मनाला त्रास होईल असं काही आहे, ही आधीच दिलेली सूचना. शिकागो विद्यापीठाने २०१६ साली नव्या विद्यार्थ्यांना पत्र पाठवून, असल्या सूचनांना आमचा पाठिंबा नाही असं कळवलं होतं, हा दाखला त्यांच्याकडे तयार होता. मानसशास्त्राच्या मॅडमचं म्हणणं निराळं. बरेच प्रयोग एकत्र तपासणारा एक अभ्यास २०२३मध्ये आला. सूचना दिल्याने त्रास कमी होत नाही, उलट आधीची धास्ती तेवढी वाढते, असं त्यात दिसलं. दोघांनाही खोडून काढता येईना. पण जिन्यातली पोरगी त्यांनी पाहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिला म्हटलं, "तो फोटो काढून टाकते."

"काढू नका, मॅडम. मग कोणाला कळणार? फक्त आदल्या दिवशी सांगत जा. आणि मला दाराजवळ बसू द्या."

मी रात्री जागून 'सेफ स्पेस'वर, म्हणजे कोणालाही असुरक्षित वाटू नये अशा जागेवर, काय काय वाचून आले होते. तिला एक बाक हवा होता.

राहिलेला भाग घ्यायच्या आदल्या संध्याकाळी ग्रुपवर टाकलं: उद्या शिळफाटा, फोटोंसह. ज्यांना नको वाटेल त्यांनी नंतर नोट्स घ्याव्यात, हजेरी लागेल. 'हजेरी लागेल' वाचून सात-आठ जण गायब! त्यातले खरे किती, देव जाणे. ती मात्र आली. दाराजवळ बसली, फोटो आला तेव्हा वहीत बघत राहिली, आणि मग हात वर केला. "इमारत बेकायदा होती, तर तिथे लोकांना राहू कोणी दिलं?" पुस्तकात याला उत्तर नाही. निम्मा तास त्याच्यावरच गेला, आणि बऱ्याच दिवसांनी वर्गात कोणी मोबाइल काढला नाही.

उरलेल्या दहा मिनिटांत घाईघाईने पुढची स्लाइड लावली. माळीण, ३० जुलै २०१४. डोंगर खाली आलेला, गाव दिसतच नाही. त्याबद्दल ग्रुपवर मी काहीच टाकलं नव्हतं, डोक्यातच आलं नाही.

शेवटच्या बाकावरचा, कधीच न बोलणारा मुलगा उठला आणि मान खाली घालून चालू लागला. दाराजवळ तिने त्याला वाट देण्यासाठी पाय आत घेतले.