गुडघ्याची कुरकुर

रात्री पाणी प्यायला उठायचं तर मी हल्ली चोरासारखा उठतो. दिवा लावत नाही, चपला शोधत नाही, दाराची कडीसुद्धा श्वास रोखून काढतो. पण त्याआधी पलंगावरून उभं राहावं लागतं, आणि तिथेच घात होतो. उजवा गुडघा म्हणतो, 'कट्ट'. बायको झोपेतच विचारते, "उठलात का हो?" सकाळचा गजर तिला कधी ऐकू येत नाही. माझा गुडघा मात्र कसा कोण जाणे, बरोबर ऐकू येतो.

आमच्याकडे हे पिढीजात आहे. आईचे गुडघे आईच्या आधी खोलीत पोचायचे. जिन्यावर करकर सुरू झाली की आम्ही भावंडं पत्ते गादीखाली सारून पुस्तकं उघडायचो. त्याच गुडघ्यांवर ती शेवटपर्यंत जिने चढली-उतरली, पण गुडघे दुखतात म्हणून कधी एक शब्द नाही. याउलट मामा. त्याचे गुडघे अगदी मुके, आणि दोन्ही सांधे बदलायची वेळ आली ती त्याच्यावर.

तेव्हापासून गुडघ्याच्या बोलण्यावर माझा विश्वास नाही, आणि न बोलण्यावरही नाही.

तरी एकदा डॉक्टरांना दाखवलंच. त्यांनी गुडघ्याच्या वाटीवर तळहात ठेवला, दुसऱ्या हाताने पोटरी धरून पाय हळूहळू वाकवला, सरळ केला, पुन्हा वाकवला. नजर खिडकीबाहेर. "आवाज येतो?" "येतो." "दुखतं?" "नाही." "मग येऊ दे." संपलं. पण तो तळहात माझ्या लक्षात राहिला. माणूस ऐकताना कान पुढे करतो, हे हाताने ऐकत होते. पुढे वाचनात आलं की ही रीतसर तपासणी आहे. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संस्थेने 1986 साली गुडघ्याची झीज नुसत्या तपासणीवरून ओळखायच्या खुणा ठरवल्या, त्यात ही करकर आहे. गुडघा दुखतोय, आणि शिवाय सहापैकी निदान तीन खुणा हव्यात: वय पन्नाशीपुढे, सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाच्या आत जाणारा, करकर, हाडाला दाबल्यावर दुखणं, हाड जाड झाल्यासारखं लागणं आणि हाताला गरमपणा न लागणं. एकट्या करकरीला कोणी विचारत नाही. आईची केस तिथेच निकालात निघाली असती.

मुळात 'आवाज येतो का' हा प्रश्नच मराठी माणसाला अपुरा वाटायला हवा. कसला आवाज? कट् निराळं, करकर निराळी, कुरकुर त्याहून निराळी. एकुलता एक कट्ट बहुतेक वेळा निरुपद्रवी असतो. बोटं मोडताना सांध्यातली हाडं झटकन दूर होतात, आतल्या द्रवातला दाब उतरतो आणि वायूची पोकळी तयार होते. लगेच पुन्हा मोडायला गेलं तर बोट दाद देत नाही, वीसेक मिनिटं थांबावं लागतं. बोटं मोडल्याने संधिवात होतो, ही घरातल्या बायकांची धमकी डोनाल्ड अंगर नावाच्या अमेरिकन डॉक्टरने इतकी मनाला लावून घेतली, की त्याने 50 वर्षं फक्त डाव्या हाताची बोटं दिवसातून निदान दोनदा मोडली आणि उजव्या हाताची मोडली नाहीत. दोन्ही हात सारखेच ठणठणीत राहिले, असं त्याने 1998 साली छापून आणलं. 2009 मध्ये त्याला इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं गमतीदार बक्षीस. आईशी वाद घालायला 50 वर्षं घेणाऱ्या माणसाबद्दल मला मनापासून आदर आहे.

करकरीची गोष्ट वेगळी. ती कट्टसारखी एकदा होऊन थांबत नाही, पाय हलतो तोवर चालते. हाडांच्या टोकांवरची कूर्चा, म्हणजे तिथलं गुळगुळीत अस्तर, निरोगी असेल तर सांधा बर्फावर बर्फ घसरावा त्याहूनही हलका सरकतो. तिचा गुळगुळीतपणा गेला की खरखर सुरू होते, बहुधा वाटीच्या मागच्या बाजूला. पंचाईत अशी की कूर्चेत ना मज्जातंतू ना रक्तवाहिन्या. ती झिजते ते तिचं तिलाही दुखत नाही. साध्या एक्स-रेत ती दिसतही नाही. दिसतं ते दोन हाडांमधलं अंतर, आणि ते किती कमी झालं, कडेला हाड किती वाढलं, यावरून शून्य ते चार अशी प्रत लावतात. केलग्रेन आणि लॉरेन्स या डॉक्टरांची ही पद्धत 1957 सालची, अजून चालू आहे. पण एक्स-रे हा थांबलेल्या गुडघ्याचा फोटो. आई शिलाई मशीन नुसतं बघून कधी काही बोलली नाही. चार टाके मारून, कान देऊन म्हणायची, "तेल मागतंय."

घरात रक्तदाबाच्या यंत्राबरोबर आलेला स्टेथोस्कोप पडून होता. एका दुपारी खुर्चीच्या कडेला बसलो, चकती वाटीवर टेकवली आणि पाय उचलला. कानात दरड कोसळली. ते पायजम्याचं कापड होतं. पायजमा वर केला, तर कोरड्या पाचोळ्यातून कोणी चालतंय. ते पायावरचे केस. चकती घट्ट दाबली, श्वास धरला, पाय अगदी सावकाश सरळ केला. डावीकडे ओल्या वाळूवरून पाऊल ओढल्यासारखं काहीतरी, तेही पुसट. उजवीकडे पाय जवळजवळ सरळ झाला की शेवटच्या टप्प्यात 'कर्रर्र'. पुन्हा केलं, पुन्हा तिथेच. दहा वेळा केलं तरी जागा तीच. तेवढ्यात अंगात शास्त्रज्ञ संचारला.

ही हौस जुनी आहे म्हणा. स्टेथोस्कोप आला 1816 मध्ये, पण रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने सतराव्या शतकातच लिहून ठेवलं होतं की शरीराच्या निरनिराळ्या दुकानांत काय काम चाललंय आणि कोणतं यंत्र बिघडलंय, हे पुढेमागे आवाजावरून कळेल. 1902 साली ब्लॉजेट नावाच्या डॉक्टरने गुडघे ऐकून लेख लिहिला. वयाबरोबर आवाज वाढतो, पण सांध्याला सूज येऊन पाणी भरलं की तो उलट गप्प होतो, असं त्याला आढळलं. हे वाचलं तेव्हा मला मामा आठवला.

आता काम पुष्कळ पुढे गेलंय. इंग्लंडमध्ये लँकेस्टर विद्यापीठातल्या मंडळींनी गुडघ्यावर संवेदक (सेन्सर) चिकटवून माणसाला खुर्चीवरून उठ-बस करायला लावली, आणि कोणता आवाज पाय किती अंशात वाकलेला असताना येतो तेही टिपलं. आपल्या कानांची धाव 20,000 हर्ट्झपर्यंत. यांचे संवेदक त्याच्याही वरचं टिपतात. झिजलेल्या गुडघ्यातून ही कुजबुज जास्त वेळा आणि जास्त जोरात येते. म्हणजे बायकोला जागं करणारा माझा कट्ट यांच्या लेखी किरकोळ, आणि महत्त्वाचं बोलणं कोणालाच ऐकू न जाणारं! अमेरिकेत जॉर्जिया टेक या विद्यापीठात ओमर इनान यांच्या गटाने तर गुडघ्याच्या पट्ट्यातच छोटे मायक्रोफोन बसवले. त्यांचीही अडचण माझ्या पायजम्याचीच: संवेदक कातडीवर घासला की तोच मोठ्याने बोलतो. शिवाय तो नेमका कुठे चिकटवायचा, पाय किती वेगाने हलवायचा, अंगाचा भार किती द्यायचा, यावर अजून एकमत नाही. एकाचं मोजमाप दुसऱ्याच्या मोजमापाशी जुळवायचं कसं? म्हणून दवाखान्यात अजून तळहातच चालतो.

तरी नुसतं विचारणंही अगदी वाया जात नाही. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात सुमारे साडेतीन हजार लोकांना गुडघा किती वेळा वाजतो एवढंच विचारलं आणि काही वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. जितका जास्त वेळा वाजणारा गुडघा, तितकी पुढे दुखरी झीज व्हायची शक्यता जास्त निघाली. त्यातही एक्स-रेत झीज दिसते पण रोज दुखत नाही, अशा गुडघ्यांचा भरणा मोठा. हे मी घरात कोणाला सांगितलेलं नाही. फक्त जिना उतरताना कठड्याला हात लावायला लागलोय.

परवा बायकोला म्हटलं, "अगं, तूच ऐक एकदा." तिने स्टेथोस्कोप कानांत घातला, मी पाय वाकवला, सरळ केला. "काहीच ऐकू येत नाही," ती म्हणाली. झोपेत भिंतीपलीकडून ऐकणारी बाई! बघितलं तर कानातली टोकं उलटी घातली होती. ती नाकाच्या दिशेने वळवून दिली आणि पुन्हा पाय सावकाश उचलला. शेवटच्या टप्प्यावर ती दचकली, जिन्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, "अगंबाई, आई वर येतायत."