‘तुमका बरा वाटात तसा करा’ ही संमती होते का?

ऑपरेशनपूर्वी समजावून सांगायला बसलं की सिंधुदुर्गात एक वाक्य हटकून कानावर येतं: ‘डॉक्टरांनू, तुमका बरा वाटात तसा करा.’ इंटर्नला हायसं वाटतं. तो फॉर्म पुढे करतो, अंगठा उमटतो, काम झालं. नंतर तोच इंटर्न विचारतो, कधी रुग्णाचा मुंबईकर मुलगाही विचारतो, की पेशंटचा एवढा विश्वास आहे तर अर्धा तास समजावत कशाला बसायचं? हा प्रश्न वारंवार येतो म्हणून सविस्तर लिहितो.

‘तुम्हीच ठरवा’ ही खरी संमती असू शकते. पण बहुतेक वेळा ती फक्त सुरुवात असते आणि आपण तिला शेवट समजतो.

वैद्यकीय नीतिशास्त्राचे अभ्यासक रूथ फेडन आणि टॉम बीचम यांनी १९८६ मध्ये संमतीचे दोन अर्थ वेगळे केले. एक, माणसाने समजून-उमजून, दबावाशिवाय दिलेली मुभा. दुसरा, संस्थेच्या नियमांनुसार पूर्ण झालेला कागद. कागद बिनचूक आणि मुभा शून्य, असं सर्रास होतं. उलटंही होतं: रुग्णाला सगळं कळलेलं असतं, फॉर्म मात्र कोराच.

निर्णय दुसऱ्यावर सोपवणं हाही एक निर्णयच. माणूस नात्यागोत्यात राहून ठरवतो, हे स्वायत्ततेवर अलीकडे लिहिणारे तत्त्वज्ञ ठासून सांगतात, आणि कोकणात ते पटवून द्यावं लागत नाही. तरी सोपवणं खरं ठरायला चार गोष्टी हव्यात. निवडायला पर्याय आहे हे रुग्णाला माहीत हवं. सोपवतोय ते त्याने स्वतः बोलायला हवं, शेजारी बसलेल्या काकांनी नव्हे. शरीराचा कोणता भाग कायमचा जाणार किंवा बदलणार, एवढं तरी त्याला कळलेलं हवं. आणि मागे फिरायची वाट टेबलावर जाईपर्यंत उघडी हवी.

एक उदाहरण घ्या. मधुमेही मच्छीमार, डाव्या पायाची करंगळी काळी पडलेली. ‘बोट काढावं लागेल’ असं त्याला घाईत सांगू नका. बंदरावर या वाक्याचा अर्थ वेगळा होतो! पायाला हात लावून दाखवा: इथून इथपर्यंत. मग क्रमाने सांगा. काय करणार, कशासाठी. कमरेत इंजेक्शन देऊन की घोट्याजवळ बधिर करून. जखम शिवणार की उघडी ठेवणार. पर्याय काय: मेलेला भाग साफ करून ड्रेसिंग आणि अँटिबायोटिक, आणि ते या पायाला का पुरेल किंवा पुरणार नाही. काहीच केलं नाही तर जंतुसंसर्ग वर चढू शकतो, रक्तात पसरू शकतो. केलं तरी तो थांबेलच असं नाही, पुढे आणखी वर कापावं लागू शकतं. हे शेवटचं वाक्यच सगळ्यात जास्त गाळलं जातं आणि पुढची भांडणं त्यावरूनच होतात.

मच्छीमाराला खरं जाणून घ्यायचं असतं ते फॉर्मवर छापलेलंच नसतं: पाण्यात कधी उतरू? जखम पूर्ण भरेपर्यंत खाऱ्या पाण्यात पाय नाही, हे कारणासकट सांगावं लागतं. समुद्राच्या कोमट पाण्यात व्हिब्रिओ जातीचे जंतू असतात आणि मधुमेह्याच्या उघड्या जखमेत ते जिवावर बेतू शकतात. म्हणजे हंगामाचे काही आठवडे बुडाले. ‘करू’ की ‘थांबू’ हे त्याच्या घरी या हिशेबावर ठरतं.

आकडे सांगताना टक्के नकोत. ‘अशा शंभर जणांत इतक्यांना’ असं म्हणा आणि दोन्ही बाजू सांगा. १९८२ च्या एका गाजलेल्या अभ्यासात फुप्फुसाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेबद्दल काहींना ‘शंभरातले ९० वाचतात’ आणि काहींना ‘शंभरातले १० दगावतात’ असं सांगितलं. आकडा एकच, पण दुसऱ्या गटात शस्त्रक्रिया निवडणारे कमी. त्यात डॉक्टरही फसले होते.

‘समजलं का?’ हा प्रश्न तर बंदच करा. त्याला उत्तर एकच: ‘होय.’ त्याऐवजी विचारा, ‘आता मुंबईत झिलाक (मुलाला) फोन केलात तर काय सांगशात?’ आणि खरंच फोन लावू द्या, रुग्णाच्या हातात. तो बोलतो, तुम्ही ऐकता. डावा पाय म्हणाला की उजवा? ‘बोट कापतले’ म्हणाला की ‘जखम साफ करतले’? चुकलं तर सांगण्यात आपण चुकलो असं धरून तेवढाच भाग पुन्हा सांगायचा. यात पाचेक मिनिटं जास्त जातात. फोन स्पीकरवर टाकून झिलाशीच बोलत बसलात, की पलंगावरचा माणूस संपला.

कारण झिलाची परवानगी ही संमती नव्हे. समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये हे स्पष्ट केलं. तपासणीपुरती लॅपरोस्कोपीची (पोटात दुर्बीण घालून बघण्याची) संमती होती, रुग्ण भुलीखाली असताना बाहेर बसलेल्या आईची परवानगी घेऊन गर्भाशय आणि अंडाशय काढले. रुग्ण सज्ञान, भूल तात्पुरती, जिवाला तातडीचा धोका नाही. तेव्हा आईची सही चालत नाही, असा निकाल लागला. गर्भपातासाठी आणि नसबंदीसाठी नवऱ्याची सही कायद्याने लागत नाही, तरी ती मागितली जाते. ‘पुढे कटकट नको’ ही सबब सगळ्यांना पाठ असते.

मग कौल. ‘देवळात कौल लावून येतो’ म्हटल्यावर नवे डॉक्टर चिडतात. ऑपरेशन ठरवून करायचं असेल तर जाऊ द्यावं. फक्त किती दिवस थांबणं सुरक्षित आहे ते तारखेसकट सांगावं. हर्निया दुखत नसेल, अडकलेला नसेल, तर गणपतीनंतर चालेल. काळी पडलेली करंगळी, वर लाली चढतेय, ताप आहे, तर नाही. बेशुद्ध रुग्ण, जीव जातोय, जवळ कुणी नाही, तिथे संमतीवाचून उपचार करायचे आणि कारण लिहून ठेवायचं.

एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात २०१९ पासून ‘एटकॉम’ (वृत्ती, नीती आणि संवाद शिकवणारा भाग) आलं आणि संमती घेण्याचा सराव नकली रुग्णावर, म्हणजे रुग्णाची भूमिका करणाऱ्या माणसावर, करून दाखवावा लागतो. अमेरिकी डॉक्टर हॉवर्ड बॅरोज यांनी १९६३ मध्ये सुरू केलेली ही पद्धत उत्तमच. पण आपले नकली रुग्ण पाठ्यपुस्तकातलं मराठी बोलतात आणि शहाण्यासारखे प्रश्न विचारतात. त्यातल्या एकाला तरी मान खाली घालून फक्त ‘तुमका बरा वाटात तसा करा’ एवढंच म्हणायला लावा. विद्यार्थी तिथे काय करतो, त्याला गुण द्या.

चुका होतात त्या वेळेच्या. भरती होतानाच कोऱ्या फॉर्मवर सही. झोपेचं औषध दिल्यावर अंगठा. चष्मा घरी राहिलेला. साक्षीदार म्हणून वॉर्डातलाच कर्मचारी. हे टाळायचं तर आदल्या दिवशी बसा, नातेवाइकांआधी रुग्णाशी बोला, आणि केसपेपरवर नुसतं ‘संमती घेतली’ लिहू नका. फोनवर तो जे बोलला ते त्याच्याच शब्दांत उतरवा: ‘डाव्या पायाची करंगळी काढतले. जखम उघडी ठेवतले. भरासर दर्यार जावचा नाय. परत वर कापूचा लागात कदाचित.’ खाली तारीख, वेळ, बाहेरचा साक्षीदार, आणि मग अंगठा.