दुखणारी गाठ, न दुखणारी गाठ

पायाच्या अंगठ्याला ठेच लागून ती चिघळली, की दोन-तीन दिवसांत जांघेत अवधाण येतं. हा लसिकाग्रंथीचा तीव्र दाह. पायाकडून येणारी लसिका (पेशींभोवतीचा पातळ द्रव) या ग्रंथीत गाळली जाते. जंतू तिथे अडले की पेशींची गर्दी होते, ग्रंथीचं आवरण ताणलं जातं आणि ठणका लागतो. म्हणून गाठ लागली की आधी तिचा मुलूख तपासावा. मानेसाठी घसा आणि दात, कानामागे असेल तर डोक्याची त्वचा (उवांमुळे खाजवून झालेल्या जखमासुद्धा), काखेसाठी हात व स्तन, जांघेसाठी पाय आणि जननेंद्रियं.

चाचपताना बोटं खुपसू नयेत, पेरांचा मऊ भाग हलका फिरवावा. मानेत साधारण 1 सेंमी, जांघेत 1.5 सेंमीपर्यंतची मऊ, सरकणारी गाठ निरोगी माणसातही लागते. ती चोळू नये, दाबू तर नयेच.

त्वचा लाल, गरम आणि गाठ मध्ये लिबलिबीत लागली तर आत पू झालाय; मग नुसत्या गोळ्या बहुधा पुरत नाहीत, पू काढावा लागतो. जखमेपासून गाठीकडे लाल रेघ चढत असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

क्षयाच्या गाठी, म्हणजे जुनी गंडमाळ, वेगळ्या वागतात. बहुतेकदा मानेत, फारशा न दुखणाऱ्या, हळूहळू वाढून एकमेकींना चिकटलेल्या. पू होतो, पण वरची त्वचा गरम नसते. साधं गळू समजून चीर दिली तर जखम महिनोन्‌महिने वाहत राहते. सुईने नमुना घेऊन निदान होतं, औषधं साधारण 6 महिने.

मान, काख, जांघ अशा दूरदूरच्या जागी एकदम गाठी आल्या तर विषाणूसंसर्ग, एचआयव्ही, रक्ताचे आजार यांचा विचार करून रक्त तपासतात.

लोक दुखणाऱ्या गाठीला घाबरतात. माझ्या मते न दुखणारीकडे जास्त लक्ष हवं. दगडासारखी कडक, जागची न हलणारी किंवा रबरासारखी, 4 आठवड्यांनंतरही न उतरणारी, शिवाय रात्री कपडे भिजवणारा घाम, ताप, वजनात घट. हासळीच्या हाडाच्या वरची गाठ कितीही लहान असो, थांबू नये. डावीकडची कधीकधी पोटातल्या कर्करोगाची असते. आणि निदानाआधी स्टेरॉइड घेऊ नका, त्याने गाठ तात्पुरती बसते आणि बायॉप्सी (गाठीचा तुकडा काढून केलेली तपासणी) फसते.