नळीतल्या अडतीस हजार प्लेटलेट्स

पावसाळ्यात, डेंग्यूच्या दिवसांत, मिरजेतल्या आमच्या लॅबच्या काउंटरवर दिवसभर एकच प्रश्न असतो: "प्लेटलेट्स किती आल्या?" तापाचा कितवा दिवस, उलट्या थांबल्या का, लघवी होतेय का, हे विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. आकडा मात्र घरातल्या सगळ्यांना पाठ.

सप्टेंबरमधल्या त्या दुपारी अथणीकडून एक मुलगा आईला घेऊन आला. ताप चौथा दिवस. मोबाइल पुढे करून म्हणाला, "मॅडम, आईच्या अडतीसच राहिल्यात म्हणं. लगेच ॲडमिट करा म्हणत्यात."

पहिलं काम त्या ३८ चं. काही लॅब प्लेटलेट्स हजारांत छापतात, काही लाखांत, काही पूर्ण आकड्यात. ३८, ०.३८ आणि ३८,००० हे तिन्ही एकच. एकक शेजारी बारीक अक्षरात असतं, ते कोणी वाचत नाही. मुलाला खरंच वाटलं होतं की आईच्या अंगात ३८ पेशी उरल्यात. साधारण दीड ते चार लाख हवेत, म्हणजे ३८ हजार कमीच. पण कमी आणि संपल्या यांत फरक आहे.

मावशी बाकावर बसून चहा पीत होत्या. अंगावर लाल ठिपके नाहीत, हिरड्यांतून रक्त नाही. अर्थात ३८ हजारांवरही पुष्कळदा काहीच दिसत नाही, त्यामुळे तेवढ्यावरून आकडा चुकीचा ठरत नाही. शंका आली ती रिपोर्टच्या तळाशी. प्लेटलेट्सच्या आकड्यापुढे फुली होती आणि खाली मशीननंच छापलं होतं: 'पीएलटी क्लम्प्स?' म्हणजे प्लेटलेट्सचे पुंजके असावेत. स्लाइड पाहिल्याची नोंद कुठेच नव्हती. नमुना सकाळी ८ ला घेतलेला, मशीनवर लागला ११.३० ला. गावातल्या केंद्रातून गाडीनं मुख्य लॅबला गेला होता.

हे पुंजके काय असतात ते सांगते. सीबीसीसाठी, म्हणजे रक्तातल्या पेशींच्या मोजणीसाठी, रक्त जांभळ्या टोपणाच्या नळीत घेतात. तिच्यात ईडीटीए असतं. ते रक्तातलं कॅल्शियम बांधून टाकतं, म्हणून रक्त गोठत नाही. काही थोड्या लोकांच्या रक्तात अशी अँटिबॉडी असते, जी ईडीटीएच्या संगतीतच प्लेटलेट्सना चिकटते आणि त्यांचे घोस बनवते. अंगात काहीच होत नाही, सगळा खेळ नळीत. साधं मशीन कणाच्या आकारावरून मोजतं. मोठा घोस प्लेटलेट म्हणून धरलाच जात नाही, उलट कधी तो पांढऱ्या पेशींत मोजला जातो. प्लेटलेट्स खोट्या कमी, पांढऱ्या पेशी खोट्या जास्त. मावशींच्या पांढऱ्या पेशी ९,४०० होत्या, डेंग्यूत त्या बहुधा उतरतात. तेही खटकलंच.

मात्र पुंजके दिसले की लगेच अँटिबॉडीवर खापर फोडायचं नाही. आधी गुठळी पाहायची. रक्त घेताना शीर सापडत नसेल, सुई आत-बाहेर झाली असेल किंवा नळी ८–१० वेळा हलक्या हातानं उलटीसुलटी केली नसेल, तरी आत गुठळी होते आणि प्लेटलेट्स तिच्यात अडकतात. लाकडी काडी नळीत फिरवली की ती काडीला लागते. अशा वेळी नमुना फेकून नवीन घ्यायचा, बस्स.

मावशींच्या एकाच शिरेतून दोन नळ्या घेतल्या: आधी निळ्या टोपणाची सायट्रेटची (तेही रक्त गोठू देत नाही, पण त्यात ईडीटीए नसतं), मग जांभळी. हा क्रम पाळायचाच, नाहीतर ईडीटीएचा अंश निळ्या नळीत जातो. निळी नळी रेघेपर्यंत भरावीच लागते, ९ भाग रक्ताला १ भाग सायट्रेट. अर्धी भरली तर हिशेब कोलमडतो.

जांभळी नळी लगेच मशीनला लावली: १,९६,०००. त्याच रक्ताची स्लाइड करून लिशमन रंग दिला. तेलाच्या भिंगाखाली दहा क्षेत्रांतल्या प्लेटलेट्सची सरासरी आली १३. तिला १५ हजारांनी गुणलं की १,९५,०००. तीच जांभळी नळी तासाभरानं पुन्हा लावली: ६१,०००. तोच नमुना, तेच मशीन. आता स्लाइडच्या पातळ कडेला द्राक्षांच्या घडांसारखे प्लेटलेट्सचे झुबके दिसत होते. निळ्या नळीत आले १,८८,०००. सायट्रेटच्या पाण्यानं रक्त पातळ झालेलं असतं, म्हणून १.१ नं गुणायचं: सुमारे २,०७,०००. (काहींच्या प्लेटलेट्स सायट्रेटमध्येही चिकटतात. मग रक्त घेतल्या घेतल्या मोजणं एवढाच मार्ग.)

लॅबच्या डॉक्टरांनी मुलाला बोलावून दोन्ही स्लाइड भिंगाखाली दाखवल्या. हे नेहमी जमत नाही, गर्दी असते. पण दहा मिनिटं बोलून जे पटत नाही ते एका नजरेत पटतं. "म्हणजे नळीतच घोटाळा झालता?" एवढंच त्यानं विचारलं.

त्याला एक गोष्ट बजावून सांगावी लागली: प्लेटलेट्स ठीक आहेत याचा अर्थ डेंग्यू नाही असा नव्हे. चौथ्या दिवशी एनएस-१ ही डेंग्यूची तपासणी निगेटिव्ह आली तरी डेंग्यू असू शकतो. आयजीएम ही डेंग्यूविरुद्धची अँटिबॉडी साधारण पाचव्या दिवसानंतर दिसू लागते. ताप उतरताना पोटात जोरात दुखलं, उलट्या थांबेनात, सुस्ती आली तर आकडा न बघता दवाखाना गाठायचा. ॲडमिट करायचं की नाही हे लॅब ठरवत नाही. रिपोर्ट घेऊन तो ॲडमिट करा म्हणणाऱ्या डॉक्टरांकडे गेला, आमच्या डॉक्टरांनी त्यांना फोनही केला.

मग बिलं. आधीच्या लॅबचं 'फीवर प्रोफाइल'चं बिल तो खिशातून काढून दाखवत होता. त्यात सीबीसी ३०० आणि खाली वेगळं 'प्लेटलेट काउंट' १५०. सीबीसीत हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, हिमॅटोक्रिट, प्लेटलेट्स सगळं येतंच, प्लेटलेट्सचे वेगळे पैसे लागत नाहीत. विडाल, म्हणजे टायफॉइडची तपासणीही होती. ताप येऊन आठवडा झाल्याशिवाय तिचा फारसा उपयोग नाही, पण पॅकेजात ती हमखास घुसवलेली असते. आमच्याकडचं बिल सीबीसीचं ३००. स्लाइड आणि सायट्रेट नळी त्यातच, कारण शंका दूर करणं हा तपासणीचाच भाग आहे.

"यावर जीएसटी नाही, हे कच्चं बिल का?" हा त्याचा पुढचा प्रश्न. आजाराच्या निदानासाठी लॅबमध्ये केलेल्या तपासण्यांना जीएसटी माफ आहे, तो नसला म्हणून बिल कच्चं होत नाही. पेशंटचं नाव, तारीख, बिल नंबर, तपासणीवार रक्कम आणि पैसे मिळाल्याची पावती हवी. पुढे ॲडमिट व्हावं लागलं तर बऱ्याच विमा पॉलिसींत आधीच्या ३० दिवसांतल्या तपासण्यांचे पैसे मिळतात, पण तपासणी लिहून दिलेली डॉक्टरांची चिठ्ठी सोबत लागते आणि तिची तारीख बिलाच्या आधीची किंवा त्याच दिवसाची असावी लागते. मोबाइलवरच्या रिपोर्टवर क्लेम अडकतात. मूळ कागद जपायचे.

रिपोर्टवर शेरा लिहिला: 'ईडीटीए नळीत प्लेटलेट्सचे पुंजके होतात, काउंट सायट्रेट नमुन्यावर दिला आहे.' वेगळ्या कागदावर मराठीत लिहून दिलं की पुढे कुठेही सीबीसी करताना, विशेषतः ऑपरेशनच्या आधी, रक्त घेण्यापूर्वी हा कागद दाखवा. नाहीतर मोतीबिंदूच्या तारखेलाही कोणीतरी ४० हजार बघून थांबवेल.

जाताना त्यानं १५० रुपयांचं विचारलं. बिलावर दोन्ही ओळी दिसतात, तेच बिल घेऊन जा, भांडू नका, 'सीबीसीत प्लेटलेट येतं ना?' एवढंच विचारा, असं सांगितलं. चार दिवसांनी तो मावशींची आयजीएम करायला आला. ताप गेला होता. पैसे परत मिळाले होते, विडालचे नाही.