त्वचेच्या आजारानं कुणी मरतं का?

लग्नकार्यात कुणी ओळख करून दिली की ठरलेला प्रश्न येतो : "स्किनच्या डॉक्टर? बरंय, मलम लिहून द्यायचं. त्वचेच्या आजारानं का कुणी मरतं?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मरतं. आणि मरणाच्या दारातली पुष्कळ माणसं ज्यांच्यामुळे घरी परतली, त्यांचं नाव बहुधा तुमच्या कानावरही आलं नसेल : दिल्लीच्या एम्सचे डॉ. जे. एस. पसरिचा.

आजाराचं नाव पेम्फिगस. सुरुवात बहुतेक वेळा तोंडात होते. तोंड आलंय म्हणून माणूस बी-कॉम्प्लेक्स खातो, पोट साफ होत नसेल म्हणून एरंडेल घेतो, दातांच्या डॉक्टरांकडे जाऊन येतो. यात महिने जातात. मग अंगावर पाण्याचे फोड उठतात, लिबलिबीत, जरा धक्का लागला की फुटणारे. धडधाकट दिसणारी कातडी बोटानं दाबून सरकवली तरी वरचा पापुद्रा सुटून येतो. त्वचेच्या पेशी ज्या प्रथिनांनी एकमेकींना धरून असतात, त्यांच्यावरच शरीराची प्रतिकारशक्ती उलटलेली असते. अशा पेशंटचा सदरा काढायचा तर तो आधी सलाईननं भिजवत बसावं लागतं, कारण कापड जखमेत रुतलेलं असतं. चादरही चिकटते, म्हणून आपल्याकडे काही वॉर्डांत गादीवर केळीची पानं अंथरतात. उघड्या अंगातून पाणी झिरपत राहतं आणि जंतूंना रान मोकळं मिळतं. स्टिरॉइड येण्याआधी यातले बहुतेक जण दगावत.

१९५०च्या दशकात स्टिरॉइड आली, माणसं वाचू लागली. पण डोस भलामोठा, तोही रोज, महिनोन्‌महिने. तोंड सुजायचं, साखर चढायची, हाडं ठिसूळ व्हायची, दबलेला क्षय डोकं वर काढायचा. डोस उतरवला की फोड हजर. आजारातून सुटलेला माणूस औषधानं जायचा.

मूत्रपिंड बदललेल्या पेशंटना तेव्हा स्टिरॉइडचा मोठा डोस थोडे दिवस सलाईनमधून देत. पसरिचांनी ती तऱ्हा पेम्फिगसला लावली, पण औषध निवडलं स्वस्तातलं, कुठल्याही तालुक्याच्या दुकानात मिळणारं डेक्सामेथासोन. १०० मिलिग्रॅम, सलग तीन दिवस, सलाईनमधून सावकाश. दुसऱ्या दिवशी सोबत ५०० मिलिग्रॅम सायक्लोफॉस्फामाइड, हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध; एरवी त्याचीच ५० मिलिग्रॅमची रोज एक गोळी. दर २८ दिवसांनी पुन्हा तेच. अशा तीन दिवसांच्या एका फेरीला 'पल्स' म्हणतात. १९८४ साली त्यांनी हे सहकाऱ्यासह भारतीय त्वचारोग-नियतकालिकात छापलं.

मला त्यांचं खरं मोठेपण दिसतं ते पुढच्या टप्प्यांत. त्वचा स्वच्छ झाली तरी थांबायचं नाही, आणखी नऊ पल्स. मग नऊ महिने नुसती गोळी. त्यानंतर काहीच नाही, फक्त लक्ष ठेवायचं. ज्या आजारात औषध जन्माचं मानत, तिथे "इथे औषध बंद" असं कागदावर लिहून ठेवायला छाती लागते. पेशंटला हे पटवणं मात्र महाकठीण. "मॅडम, आता अंगावर काही नाही, मग कशाला?" कापणी असते, एसटीचं भाडं असतं, पल्स चुकते. आणि पसरिचांचा हट्ट असा, की तारीख चुकवायची नाही.

देव्हाऱ्यात बसवायला मी हे सांगत नाहीये. सायक्लोफॉस्फामाइडनं पाळी कायमची जाऊ शकते, पुरुषांचे शुक्रजंतू संपू शकतात. सुरुवातीचे आकडे तुलनेसाठी दुसरा गट न ठेवता आलेले होते. पुढे जर्मनीत तुलना झाली, २००५ साली ती छापून आली, तेव्हा ही पद्धत तिथल्या नेहमीच्या उपचारापेक्षा ठळकपणे सरस ठरली नाही. पेशंट थोडे होते हे खरं, पण निकाल तो निकाल. आता रिटुक्सिमॅब नावाचं इंजेक्शन आहे. २०१८ साली अमेरिकेत त्याला पेम्फिगससाठी मान्यता मिळाली. ज्यांना जमतं त्यांना मीही तेच देते.

ज्यांना जमत नाही, त्यांना आजही पल्सच. मूलबाळ व्हायचं असेल तर सायक्लोफॉस्फामाइड वगळून त्याच कामाची अझाथायोप्रिनची गोळी, आणि सलाईन चालू असताना साखर आणि रक्तदाब तपासायला सिस्टर शेजारी.